कुमक आणि राजीनामा : दुर्बळ राज्यातील परकीय लोकशाही-साहाय्याची मीमांसा

१

परकीय साहाय्याने दुर्बळ राज्यात लोकशाही रुजविता येते काय, आणि ती रुजविली असता त्या राज्यास स्थैर्य लाभते काय, हा प्रश्न १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेल्यापासून नव्याने वादाचा विषय झाला आहे. वीस वर्षे ज्या राज्याला घटना, निवडणुका, न्यायालये, सैन्य आणि पैसा या सर्व बाबतींत बाहेरून आधार मिळाला, ते राज्य आधार निघताच काही आठवड्यांत कोसळले. या घटनेवरून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले जातात. एका पक्षाचे म्हणणे असे की, साहाय्य अपुरे पडले. ते अधिक सुसूत्र आणि अधिक दीर्घकाळ मिळते तर संस्था आपोआप बळकट झाल्या असत्या. दुसऱ्या पक्षाच्या मते लोकशाही ही बाहेरून आणून लावण्याची वस्तूच नव्हे. प्रत्येक समाजाने ती आपल्या मातीतून उगवावी, परक्यांनी त्यात हात घालू नये.

हे दोन्ही पक्ष एका गोष्टीविषयी मूक आहेत. साहाय्य किती असावे व कोणाचे असावे, याची चर्चा दोघेही करतात. साहाय्य मिळाल्यावर ज्याला ते मिळाले त्याचे आपल्या लोकांशी असलेले नाते कसे पालटते, याची चर्चा क्वचितच होते. दुर्बळ राज्य म्हणजे ज्याची आज्ञा आपल्या सर्व मुलखात चालत नाही, ज्याचा महसूल खर्चाला पुरत नाही आणि ज्याच्या प्रजेतील मोठे समूह त्याला आपले मानीत नाहीत असे राज्य, अशी व्याख्या केली तर तिसरे लक्षण पहिल्या दोहोंचे मूळ आहे, असे दिसून येईल. म्हणून या नात्याचाच विचार प्रथम केला पाहिजे.

त्यासाठी मराठी अभ्यासकाला काबूलपर्यंत जाण्याची निकड नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी राज्य वरील व्याख्येत नेमके बसते, आणि त्याला मिळालेल्या परकीय साहाय्याची कागदपत्रे विपुल आहेत. अर्थात ते साहाय्य लोकशाहीसाठी नव्हते, हा भेद विसरून चालणार नाही. परंतु साहाय्याने राज्यकर्ता आणि प्रजा यांच्या संबंधात कोणता फरक पडतो, हे पाहण्यास ते उदाहरण पुरेसे आहे. नाशिक परिसरात तर या प्रश्नाचे तीन टप्पे तीन ठिकाणी पाहावयास मिळतात : आनंदवल्ली, काळाराम मंदिर आणि नाशिकरोडचा सरकारी छापखाना.

२

विवेचनाच्या सोयीसाठी जुन्या मराठी व्यवहारातील दोन शब्द येथे परिभाषा म्हणून घेतले आहेत. ‘कुमक’ हा मूळचा तुर्की शब्द फारसीमार्गे मराठीत आला. अडचणीत सापडलेल्याच्या मदतीस धाडलेली फौज, हा त्याचा अर्थ आजही कायम आहे. ‘राजीनामा’ या शब्दाची गोष्ट निराळी. अरबी ‘राजी’ आणि फारसी ‘नामा’ यांच्या संयोगाने झालेला हा शब्द पेशवाईच्या न्यायपद्धतीत संमतिपत्राचा वाचक होता. तंटा पंचायतीपुढे येण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी या दोघांकडून, पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य आहे, असे लिहून घेत. त्या लेखाचे नाव राजीनामा. त्याच्या जोडीला जामीनकतबा असे. मग करीने, साक्षी, पुरावा आणि शेवटी निवाडपत्र. म्हणजे निवाड्याचे बळ पंचांच्या अधिकारात जेवढे होते, तेवढेच हरण्याची शक्यता असलेल्या पक्षाने आधी दिलेल्या संमतीत होते.

इंग्रजी अमदानीतील महसूलव्यवहारात ‘राजीनामा’ म्हणजे कुळाने जमीन सोडल्याचा लेख असा अर्थ रूढ झाला. नवा धारक लिहून देई ती कबुलायत. पुढे नोकरी किंवा पद सोडण्याच्या लेखालाही तेच नाव मिळाले आणि मूळ अर्थ लोपला. राज्यात राहण्याची संमती दर्शविणारा शब्द अखेर बाहेर पडण्याचा वाचक झाला. शब्दार्थाच्या अशा पालटावरून इतिहासाचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, म्हणून तो येथे काढलेला नाही. मात्र जुना अर्थ आज ध्यानात घेण्याजोगा आहे, एवढे म्हणता येईल.

याच ठिकाणी दुसऱ्या पक्षाच्या ‘मातीतून उगवावी’ या आग्रहाचीही परीक्षा होते. वरील दोन्ही शब्द परके आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेल्या राजव्यवहारकोशात सुमारे १,४०० यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले. तरीही सरकार, अर्ज, वकील, जामीन हे शब्द मराठीने सोडले नाहीत. मराठीने त्यांना आपले विभक्तिप्रत्यय लावले, त्यांची सामान्यरूपे केली, आणि त्यांचे परकेपण तेथेच संपले. उसना शब्द भाषेला कोणी देत नाही. बोलणारे तो आपल्या गरजेने घेतात. संस्थांचेही बहुधा असेच असते. तेव्हा परकी घडण हा दोष नव्हे. प्रश्न आहे तो घेणारा कोण आणि त्याने कोणाला विचारून घेतले, हा.

३

आनंदवल्ली हे गोदावरीकाठचे गाव आज नाशिक शहरातच सामावले आहे. रघुनाथराव पेशव्याचे येथे वास्तव्य होते. माधवरावाशी त्याचा झगडा १७६८ साली याच जिल्ह्यातील धोडप किल्ल्यापाशी हातघाईवर आला आणि त्यात त्याचा पराभव झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावाचा खून झाल्यावर पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावास मिळाली, पण दरबारातील कारभाऱ्यांची आणि सरदारांची संमती मिळाली नाही. बारभाईंनी त्याच्याविरुद्ध एकी केली. अशा वेळी त्याच्यापुढे दोन मार्ग होते : घरातील पक्षांशी तडजोड करणे किंवा बाहेरून कुमक आणणे. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने त्याने दुसरा मार्ग पत्करला. मुंबईकर इंग्रजांनी सुमारे अडीच हजार फौज द्यावी आणि त्याने साष्टी व वसई द्यावी, असा तो व्यवहार होता. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी तो तह नामंजूर केला, तरी युद्ध सुरू झालेच. त्याची अखेर सालबाईच्या तहाने १७८२ साली झाली.

रघुनाथरावाच्या वर्तनाची चर्चा मराठीत बहुधा स्वार्थ आणि देशद्रोह या नैतिक कोटींतून होते. ती अनाठायी नाही. पण तिच्यामुळे यंत्रणा झाकली जाते. त्याचा पुत्र दुसरा बाजीराव याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी केलेल्या वसईच्या तहात ती यंत्रणा अधिक स्पष्ट दिसते. कमीत कमी सहा हजार तैनाती पायदळ कायमचे ठेवावयाचे, त्याच्या खर्चासाठी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा, कंपनीच्या सल्ल्यावाचून इतर सत्तांशी बोलणे लावावयाचे नाही, आणि निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीची मध्यस्थी मानावयाची, ही त्याची प्रमुख कलमे होत. मे १८०३ मध्ये बाजीराव या फौजेच्या बळावर पुण्यास परत आला.

तोपर्यंत पेशव्याला शिंदे, होळकर, भोसले यांना सांभाळून घ्यावे लागे. हे सांभाळणे कष्टाचे, खर्चाचे आणि पुष्कळदा अपमानकारक असे. परंतु मराठी राज्यसंघ म्हणून जे काही होते ते या सांभाळण्यातच होते. कुमक हाती येताच त्या कष्टाची गरज संपली. ज्यांची संमती घ्यावयाची त्यांनाच आता त्या कुमकेने दडपता येत होते. त्याच वर्षी शिंदे व भोसले यांच्याशी कंपनीचे युद्ध झाले, आणि १८१८ साली खुद्द पेशवाई संपली. राज्य बाहेरून बळकट झाले आणि आतून सुटे झाले, हा विरोधाभास नसून एकाच कारणाची दोन कार्ये आहेत.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांविषयी दिलेला इशारा या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. त्याचा रोख दात्याच्या हेतूवर आहे : हे नुसते सावकार नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत. हा इशारा बरोबर असला तरी अपुरा आहे. दात्याचा हेतू शुद्ध असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो सोडविण्यास साताऱ्याचे उदाहरण उपयोगी पडते.

४

पेशवाई बुडाल्यावर कंपनीने साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांचे राज्य नव्याने उभे केले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्याची मर्यादा ठरली. जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे इतिहासकार म्हणून प्रसिद्धी पावलेला ग्रँट डफ, तेथे नेमला गेला. हिशेब, न्याय आणि महसूल यांत छत्रपतींना तयार करावे व मग अधिकार सोपवावेत, अशी ही योजना होती, आणि ती कागदावर राहिली नाही. १८२२ साली राज्याचा अधिकार खरोखरच प्रतापसिंहांकडे देण्यात आला. त्यांनी तो दक्षतेने चालविला. शाळा, रस्ते, पाणीपुरवठा यांकडे लक्ष पुरविले. १८३५ साली कंपनीच्या संचालकांनी त्यांची प्रशंसा करून रत्नजडित तलवारही पाठविली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर क्षमतावृद्धीचा तो यशस्वी प्रयोग होता.

तरीही ४ वर्षांनी, १८३९ साली, बाहेरच्या सत्तांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. १८४८ साली त्यांच्या बंधूच्या मृत्यूनंतर राज्यच खालसा झाले. ती पाठविलेली तलवार त्यांच्या हाती पडलीच नाही. रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागितली ती व्यर्थ गेली. या प्रकरणातील आरोप खरे की खोटे हा वाद इतिहासकारांचा आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, राज्य चांगले चालले आहे किंवा नाही, याचा निर्णय देणारे साताऱ्याच्या मुलखात कोणी नव्हते. प्रशंसाही लंडनहून आली आणि शिक्षाही मुंबईहून. दाता सद्भावी असतानासुद्धा उत्तरदायित्वाची दिशा खालून वर, दात्याकडे, वळते; आणि दात्याचे मन फिरले की चांगल्या कारभाराला उभे राहण्यास दुसरी जागा उरत नाही.

देशी संस्था जपण्याच्या प्रयत्नाचीही गत वेगळी झाली नाही. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दोष आणि गुण दोन्ही नोंदवून ती टिकवावी असा कौल दिला. ही त्याची गुणग्राहकता मान्य केली पाहिजे. पण पंचायत चालत होती ती राजीनाम्यावर, आणि राजीनामा मिळत होता तो गोत, पाटील, मामलेदार आणि जात यांच्या दाबामुळे. वरचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे गेला, आणि १८२७ च्या कायद्यांनी न्यायालयांची वाट खुली झाली, तेव्हा हरणाऱ्याने आधी राजी होण्याचे कारणच राहिले नाही. सांगाडा जपला गेला तरी त्याला चालविणारे नाते तुटले होते. परकी संस्था लादल्याने जे होते, तेच देशी संस्था परक्याने सांभाळल्यानेही होऊ शकते, ही गोष्ट ‘मातीतून उगवावी’ म्हणणाऱ्या पक्षाने विचारात घ्यावयास हवी.

५

येथपर्यंतचे विवेचन ऐकून एक गंभीर आक्षेप पुढे येईल, आणि तो टाळता येणार नाही. ज्या जुन्या संमतीचा एवढा गौरव केला, ती कोणाची संमती होती? गोतसभेच्या महजरांवर बलुतेदारांच्या निशाण्या आढळतात. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. परंतु शीव कोठे आहे हे महाराला विचारणाऱ्या गावाने त्याने शिवेबाहेर का राहावे, हे त्याला कधी विचारले नाही. म्हणजे राजीनामा सर्वांचा नव्हताच.

एकोणिसाव्या शतकातील मराठी विचारवंतांनी परकीय राज्याचे जे समर्थन केले, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात लिहिलेल्या शतपत्रांत इंग्रजी राज्य ही एक शाळा मानली आहे; तेथे शिकून शहाणे झालेले लोक पुढे आपले पार्लमेंट मागतील, अशी त्यांची अपेक्षा होती. साताऱ्याचे राज्य खालसा झाले त्याच वर्षी ही पत्रे सुरू झाली, हा योगायोग लक्षणीय आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांच्यावर जो कठोर हल्ला चढविला, त्यात स्वाभिमानाचा मुद्दा बिनतोड आहे. पण घरातल्या अन्यायाचे उत्तर त्यात नाही. जोतीराव फुले यांनी ते उत्तर मागितले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. ज्याला घरात कोणी विचारीत नाही तो बाहेर पाहील, हे स्वाभाविकच होय. त्याच्या या पाहण्याला परधार्जिणेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

मात्र बाहेरच्या सत्तेने ही अपेक्षा कितपत पुरविली, याचे उत्तर नाशिकमध्ये मिळाले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी पुढे तो नेटाने चालविला. मंदिराचे दरवाजे बंद झाले. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. दंडाधिकारी आणि पोलीस यांचा सारा भर शांतताभंग होऊ नये यावर राहिला. दरवाजे उघडण्याची जबाबदारी सरकारने घेतली नाही. बाहेरच्या सत्तेपुढे हक्क आणि शांतता यांतील निवड आली, तेव्हा तिने शांतता निवडली. यात तिच्या अधिकाऱ्यांचा व्यक्तिगत दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. परक्याला स्थैर्य हवे असते. आणि ज्यांच्या हाती आधीच बळ आहे त्यांना न दुखविणे, हा स्थैर्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी याचा निष्कर्ष सांगितला. इंग्रज येण्यापूर्वी अस्पृश्यांना पाणवठा बंद होता, मंदिर बंद होते, आणि इतक्या वर्षांच्या राज्यानंतरही ते तसेच आहे. आपली दुःखे आपल्यावाचून दुसरा कोणी दूर करणार नाही आणि राजकीय सत्ता हाती आल्यावाचून आपल्यालाही ती दूर करता येणार नाहीत, असा त्या भाषणाचा आशय आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निश्चय जाहीर केला. आणि अस्पृश्यांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा मुंबई प्रांताचा कायदा १९४७ साली झाला, तो लोकनियुक्त विधिमंडळाकडून. फुल्यांच्या अपेक्षेतील न्याय आणि चिपळूणकरांच्या आग्रहातील स्वत्व हे दोन्ही एकत्र आणणारी ही भूमिका मराठी राजकीय विचारातील या वादाचे सर्वांत परिपक्व उत्तर आहे.

६

ते उत्तर व्यवहारात उतरले ते १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. तिची घडण बव्हंशी परकी होती : मतदारसंघ, गुप्त मतदान, बहुमताने निवड. मात्र या घडणीचा दाता कोणी नव्हता. मतपत्रिका छापल्या त्या नाशिकरोडच्या सरकारी सुरक्षा छापखान्यात. सुमारे सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह आणि स्वतंत्र पेटी, ही सोय येथल्या गरजेतून काढली गेली. काही प्रांतांत स्त्रियांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद दिली, तेव्हा सुमारे २८ लक्ष नावे यादीतून वगळावी लागली. संमती घेण्याचे काम किती मुळापासून करावे लागते, हे यावरून दिसते; मत विचारण्यापूर्वी नाव विचारावे लागले. घटना समिती मर्यादित मताधिकारावर निवडली गेली होती, हे खरे; परंतु त्या घटनेखाली सर्वांना प्रथमच विचारले गेले. जुन्या अर्थाचा सार्वत्रिक राजीनामा तो हाच.

या अनुभवाचा अभिमान बाळगताना भारतही दाता होऊन पाहिला आहे, हे विसरू नये. ही निवडणूक पार पाडणारे सुकुमार सेन १९५३ साली सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी नेमलेल्या संमिश्र आयोगाचे अध्यक्ष होते. निवडणूक उत्तम झाली. तंत्र नेता आले. परंतु सुदानच्या भवितव्याचा करार त्याच वर्षी ब्रिटन व इजिप्त यांच्यात झाला, तेव्हा कैरोच्या वाटाघाटींत उत्तरेचे पक्ष होते, दक्षिणेचे प्रतिनिधी नव्हते. ऑगस्ट १९५५ मध्ये दक्षिणेत तोरित येथे बंड झाले, १ जानेवारी १९५६ रोजी स्वातंत्र्य आले आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये सैन्याने सत्ता घेतली. मतपेटीत दोष नव्हता. ज्या तंट्याचा निवाडा करावयाचा त्यातील एका पक्षाचा राजीनामाच घेतला नव्हता.

अफगाणिस्तानात हेच दोनदा घडले. डिसेंबर २००१ च्या बॉन करारात तालिबान नव्हते. २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात अफगाण सरकार नव्हते. मधल्या काळात सरकारी खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग बाहेरच्या अनुदानातून भागत असे. ज्या सरकारला आपल्या लोकांकडून कर मागावा लागत नाही, त्याला त्यांची मर्जीही सांभाळावी लागत नाही. वसईच्या तहानंतरच्या पुण्याची ही नवी आवृत्ती होय. २०१४ च्या निवडणुकीचा वाद अमेरिकेच्या मध्यस्थीने मिटला आणि घटनेत नसलेले एक पद त्यासाठी निर्माण झाले. २०१९ साली सुमारे ९७ लाख नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे १८ लाखांचीच मते मोजली गेली. पुढच्या मार्चमध्ये दोन उमेदवारांनी एकाच दिवशी काबूलमध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतली. काबूलची संसदेची वास्तू भारताने बांधून दिली होती आणि २५ डिसेंबर २०१५ रोजी तिचे उद्घाटन झाले होते. वास्तू देता आली. तिच्यात बसणाऱ्यांना प्रजेचे उत्तरदायी करणे हे देण्याच्या कक्षेतले नव्हते.

परंतु एवढ्यावरून साहाय्य सर्वत्र निष्फळ, असा सिद्धान्त मांडता येत नाही. नामिबियात नोव्हेंबर १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली. लढणारे पक्ष आधीच त्या निवडणुकीस बांधले गेले होते. स्वापो पक्षाला ७२ पैकी ४१ जागा मिळाल्या. घटनेसाठी लागणारे दोन-तृतीयांश मत त्याच्यापाशी नव्हते, म्हणून त्याला विरोधकांशी बोलावे लागले. घटना फेब्रुवारी १९९० मध्ये संमत झाली आणि २१ मार्चला देश स्वतंत्र झाला. बाहेरच्यांनी येथे पंचाचे काम केले आणि ते संपताच ते निघून गेले. कुमक कोणालाही मिळाली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनी व जपानचे उदाहरण पहिल्या पक्षाकडून नेहमी दिले जाते. पण ती राज्ये पराभूत होती, वरील अर्थाने दुर्बळ नव्हती. करवसुली करणारी नोकरशाही आणि पूर्वीच्या प्रतिनिधिसभांची स्मृती त्यांच्यापाशी होती. जपानची संसद १८९० पासूनची आहे. म्हणून ती उदाहरणे प्रस्तुत वादाला फारशी लागू पडत नाहीत.

७

वरील चर्चेतून साहाय्याचे दोन प्रकार वेगळे करता येतात. ज्या साहाय्याने राज्यकर्त्याची आपल्या लोकांना विचारण्याची गरज कमी होते, ते कुमकेच्या जातीचे. त्याला लोकशाही-साहाय्य असे नाव दिले तरी त्याचे कार्य बदलत नाही. ज्या साहाय्याने ही गरज वाढते, किंवा जे न विचारलेल्यांना विचारले जाण्याइतके बळ मिळवून देते, ते राजीनाम्याला पोषक. पहिल्या प्रकारचे साहाय्य तात्पुरती शांतता आणते. दुसऱ्या प्रकारच्या साहाय्याने प्रथम अशांतता वाढण्याचाही संभव असतो. काळाराम मंदिरापुढील त्या दिवसांत नाशिक शांत नव्हते. म्हणूनच दात्यांना पहिला प्रकार अधिक रुचतो.

या भेदाने प्रत्येक प्रकरणाचा निकाल आपोआप लागेल असे नाही. एकच अनुदान एका हातात कुमक ठरते, तर दुसऱ्या हातात आधार. शिवाय बाहेरच्याने न विचारलेल्यांची बाजू घेतली म्हणजे घरातील बलवान त्यालाच परकीय हस्तक्षेप म्हणून बदनाम करतात, ही अडचण खरी आहे. तरी दात्याचा हेतू शुद्ध की अशुद्ध, संस्था देशी की परकी, साहाय्य पुरेसे की अपुरे, या तीन प्रश्नांवर अडकलेली चर्चा त्याने पुढे सरकते. एखाद्या दुर्बळ राज्यास साहाय्य करण्याचा प्रस्ताव पुढे आला असता त्या राज्यातील तंट्यात पक्ष किती, त्यांपैकी कोणाची सही कागदावर नाही, आणि हे साहाय्य पोहोचल्यावर ती सही मिळविण्याची गरज राज्यकर्त्यास अधिक भासेल की कमी, एवढे आधी तपासले पाहिजे. वसईच्या तहापूर्वी पुण्यात आणि बॉनच्या करारापूर्वी काबूलसंबंधी हे तपासणारा कोणी नव्हता, असे नव्हे. तपासणाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची आवश्यकता कुमकेच्या भरवशावर कोणाला वाटली नाही.